तळणीचं तेल

भोगेश्वरच्या जिल्हा रुग्णालयात आता हृदयविकाराचा कक्ष नाही. त्या जागी राग मोजतात.

जुन्या पाटीवर कागद चिकटवून 'राग निदान कक्ष' असं लिहिलंय. पूर्वी जिथं छातीत कळ आलेली माणसं झोपायची, तिथं आता बाकांवर बायका बसलेल्या असतात. जवळजवळ सगळ्या बायकाच. कुणी दिराच्या अंगावर ताट भिरकावलेलं असतं, कुणी चारचौघांत सासऱ्याला नको ते सुनावलेलं असतं. एखादी आठवडाभर कुणाशी बोललेलीच नसते, पण घरच्यांना तोही रागच वाटतो, म्हणून तिलाही घेऊन येतात. परिचारिका दंडाला पट्टा बांधते, रक्त काढते आणि नळीत औषधाचा एक थेंब टाकते. रक्त जांभळं झालं की निदान पक्कं. तेलराग.

तेलरागाचा कायदा मोठा दयाळू आहे. जांभळ्या रक्ताच्या बाईनं रागात केलेलं काही गुन्हा धरत नाहीत. आणि तिनं रागात म्हटलेलं काही खरंही धरत नाहीत. तिची तक्रार, तिचा जबाब, तिचा घटस्फोटाचा अर्ज, सगळं 'शांत झाल्यावर पुन्हा यावे' असा शेरा मारून परत. ज्यांनी हा नियम केला, त्यांना आपण किती समजूतदार आहोत याचं आजही कौतुक वाटतं.

अशाच एका सकाळी त्या बाकावर शिवगंगा हलकुडे बसली होती. तिचं रक्त तपासायला आली ती तिची सख्खी नणंद, डॉक्टर सुकन्या. आणि ज्या तेलानं हा राग आणला, ते तेल सुकन्यानंच शोधलं होतं.

ते तेल कळायचं तर थोडं मागं जावं लागेल. पूर्वी छातीत दुखायला लागलं की डॉक्टर घरातलं तेल बदलायला सांगायचे. वनस्पती तूप, पामतेल, खोबरेल यांतली घट्ट चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. करडई, सूर्यफूल यांच्या तेलातली पातळ चरबी ते थोडं उतरवते. पण थोडंच. कारण रक्तात किती कोलेस्टेरॉल राहणार, हे शेवटी यकृत ठरवतं. यकृताच्या पेशींवर बारीक आकडे असतात. रक्तातून वाहणारं वाईट कोलेस्टेरॉल त्या आकड्यांना अडकतं आणि पेशी ते आत ओढून घेऊन त्याची विल्हेवाट लावतात. गंमत म्हणजे शरीरातलंच एक प्रथिन हे आकडे सारखे मोडत असतं. ज्यांच्याकडे जन्मतःच आकडे कमी, त्यांनी नुसतं तेल बदलून काही होत नाही.

हलकुड्यांच्या घरात तेच होतं. त्या घरातले पुरुष चाळिशी ओलांडत नसत. सुकन्याचे आजोबा शेतात कोसळले, वडील दुकानाच्या गादीवर बसल्याबसल्या गेले. थोरला भाऊ मन्मथ त्याच वाटेवर होता. म्हणून सुकन्यानं उभी हयात एका कामात घातली. तिनं करडईच्या तेलात एक कण मिसळला आणि त्याला 'संदेशकण' असं नाव दिलं. चरबीच्या इवल्याशा गोळीत गुंडाळलेला एक रासायनिक निरोप. जेवणातून तो यकृतापर्यंत जायचा आणि पेशींना सांगायचा, आकडे मोडणारं प्रथिन बनवू नका. प्रथिन थांबलं, आकडे वाढले, रक्त धुतल्यासारखं स्वच्छ झालं. कढईत कडकडीत तापवलं तरी हा कण मरत नव्हता, याचा सुकन्याला सगळ्यात जास्त अभिमान.

'सुहृद' या नावानं ते तेल रेशनवर आलं. मग शाळेच्या खिचडीत आलं, किराणा दुकानांत आलं, आणि हळूहळू दुसरं तेल मिळेनासंच झालं. हृदयविकाराचे कक्ष ओस पडले. मन्मथ आज पन्नाशी ओलांडून पोटावर हात फिरवत बसतो, तो सुहृदमुळं. हे सुकन्याच्या मनातून कधी जात नाही, आणि ते जाऊही नये.

मग राग सुरू झाला. आधी कुणी तेलाचं नाव घेतलं नाही. विद्वान मंडळींनी सांगितलं की बायकांचं वय, बायकांचे हार्मोन, बायकांचा मोबाईल. ठरलेली कारणं. शेवटी सुकन्यानंच रक्तात तो शोधून काढला. संदेशकणाचा तुटलेला तुकडा, अर्धकण.

"रक्त जांभळं आलंय, वैनी," सुकन्या म्हणाली.

"येऊ द्या. पुढं?"

"पुढं काही नाही. तुमच्यावर गुन्हा नाही. दादाच्या पायाला फोड आलेत तेवढेच, ते बरे होतील."

घडलं होतं ते असं. रविवारी घरात पुऱ्यांचा बेत होता. शिवगंगानं पहिला घाणा काढला आणि कुणाला हाक न मारता तिथंच चुलीपाशी बसून स्वतः गरम पुरी खायला घेतली. मन्मथ आत आला. बायको आधी जेवतेय हे त्याला दिसलं, पण कळलं नाही. "पुऱ्या झाल्या का? माणसं बसलीत बाहेर," तो म्हणाला. शिवगंगानं हातातली पुरी संपवली. मग उठली, सांडशीनं कढई धरली आणि अंगणात नेऊन उलटी केली. मन्मथ मागोमाग आला, म्हणून त्याच्या पायावर तेल उडालं. दुसऱ्या दिवशी तिनं घटस्फोटाचा अर्ज दिला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला इथं आणलं.

"आणि माझा अर्ज?" शिवगंगानं विचारलं.

सुकन्या नळीवर नाव लिहू लागली.

"अर्जाचं बोला, वन्सं. मी काय सांगूलाले अन् तुम्ही काय ऐकूलालात? मला त्या घरात राहायचं नाही. कढई उलटली म्हणून नाही. राहायचं नव्हतं, म्हणून कढई उलटली."

"वैनी, हा राग तुमचा नाहीये. तेलाचा आहे."

"असं?" शिवगंगा बाकावरून उठलीच. "माझी आई गेली, तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून मला दोन दिवस उशिरा पाठवलं. मातीसुद्धा मिळाली नाही मला. हे तेलाला कुणी सांगितलं? मी लग्नाआधी तालुक्याच्या पतसंस्थेत नोकरी करत होते, ती सोडायला लावली. हे तेलाला ठाऊक होतं?"

बाकावरच्या बाकीच्या बायका ऐकत होत्या. एक म्हणाली, "सांग बाई, सांग." परिचारिकेनं तिला दटावलं. सुकन्यानं शिवगंगाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"मला नीट समजावून सांगा," शिवगंगा म्हणाली. "मी अडाणी नाही. एकाच घरात सगळे तेच तेल खातेत. तुमचे भाऊ, माझे दीर, पुतणे. त्यांचं रक्त लाल. माझं अन् जावेचं जांभळं. का?"

हा प्रश्न सुकन्याला नको होता, कारण उत्तर तिला माहीत होतं.

"मेंदूलाही कोलेस्टेरॉल लागतं, वैनी. पेशींच्या भिंती त्याच्यानंच घट्ट राहतात. पण मेंदू ते रक्तातून घेत नाही, स्वतःचं स्वतः बनवतो. मेंदूभोवती एक चाळणी असते, बाहेरचं काही सहज आत जात नाही. आमचा कण मोठा. तो चाळणीतून जातच नाही. म्हणून तेल सुरक्षित."

"मग माझ्या डोक्यात कसा गेला?"

"तेल एकदा तापलं तर कण तसाच राहतो. थंड होऊन पुन्हा तापलं, पुन्हा थंड झालं, पुन्हा तापलं, की तो मधोमध तुटतो. तो अर्धा कण चाळणीतून आत जातो. आत गेला की मेंदूतलं कोलेस्टेरॉल बनवायचं काम बंद पाडतो. पेशींच्या भिंती ढिल्या पडतात, आणि राग आवरणारी रसायनं ज्या भिंतींतून काम करतात त्याच या भिंती. आवरच सुटतो."

"हे आधी नाही बघितलं तुम्ही?"

"बघितलं. शंभर तऱ्हांनी तेल तापवून बघितलं. पण प्रत्येक वेळी ताजं."

"अन् उरलेलं?"

"फेकून दिलं."

शिवगंगा हसली. ते हसू सुकन्याला थपडेपेक्षा जास्त लागलं.

तळणीचं तेल कोण फेकतं? पुऱ्या, भजी, कुरडया तळून झाल्या की कढईत उरलेलं तेल गाळून किटलीत भरायचं आणि पुढचे दिवस फोडणीला वापरायचं, हे घरोघरी चालतं. हलकुड्यांच्या घरात त्यातही एक रीत होती. बाहेर बसलेल्या पुरुषांची आणि पाहुण्यांची भाजी ताज्या तेलात. त्यांची जेवणं उरकली, भाजी संपली, की बायका स्वतःपुरतं काहीतरी परतून घेत, ते किटलीतल्या तेलात. काळं पडलेलं, फेस येणारं तेल. अशी रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती. कुणी कुणाला सांगितली नव्हती, कुणी विचारलीही नव्हती.

सुकन्या त्याच घरात वाढली. पण ती एकुलती एक मुलगी, हुशार, वडिलांची लाडकी. तिचं पान पहिल्या पंगतीत असायचं. ती किटली तिनं हजार वेळा बघितली होती, आणि प्रयोगशाळेत इतकी वर्षं तेल तापवताना एकदाही तिला ती आठवली नाही. माहीत नसतं तर माफ करता आलं असतं. माहीत होतं, पण ते तिच्या ताटात कधी आलं नव्हतं.

"तुम्हाला हे कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"राग निवारण समितीला सांगितलं. त्यांनी डब्यावर सूचना छापली. 'तळलेले तेल पुन्हा वापरू नये.'"

"वाचली मी. तुमच्या दादालाही वाचून दाखवली. ते म्हणाले, आमच्या आईनं जन्मभर वापरलं, तिला काय झालं?" शिवगंगानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बंद का करत नाही ते तेल?"

"बंद केलं तर दादा वर्षभरात जाईल, वैनी. त्याच्यासारखे लाखो आहेत."

"म्हणजे त्यांचं हृदय शाबूत राहावं म्हणून माझं डोकं फिरायचं."

सुकन्यानं याचं समर्थन करण्याचं ढोंग केलं नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणता येईल. तिनं दुसरंच सांगितलं. उतारा म्हणून थेंब निघाले होते. जिभेखाली घ्यायचे. ते अर्धकणाला गाठून निकामी करत आणि मेंदूचं काम पुन्हा सुरू होई. "तुम्ही माझ्याकडे राहायला या. थेंब घ्या. रक्त लाल झालं, तुम्ही शांत झालात, की तुम्ही जे म्हणाल ते समितीला मानावंच लागेल. नियमच आहे तो. मी शब्द देते."

"अन् शांत झाल्यावरही मी हेच म्हणाले तर?"

"तर हेच खरं."

शिवगंगानं हात पुढं केला. "द्या थेंब," ती म्हणाली.

सुकन्याच्या क्वार्टरमध्ये शिवगंगा उन्हाळाभर राहिली. थेंबांचा गुण लवकर दिसला. आधी भांडं जरी पडलं तरी ती दचकून संतापायची; ते थांबलं. तिला झोप लागायला लागली. ती सकाळी भाकरी थापायची आणि पहिली गरम भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची. पहिल्या दिवशी तिनं तसं केलं तेव्हा तिचा हात थोडा अडखळला होता. नंतर नाही.

सुकन्या रोज तिच्याकडे बघायची, आणि मनातल्या मनात एका गोष्टीची वाट बघायची. कधीतरी ही म्हणेल, जाऊ द्या वन्सं, झालं गेलं विसरून जाते, घरी सोडा मला. असं झालं असतं तर सगळं सोपं होतं. दोष तेलाचा ठरला असता, थेंबांनी दोष धुतला असता, आणि सुकन्याला पुन्हा भावाच्या घरी पहिल्या पंगतीत बसता आलं असतं. शास्त्रज्ञ असली तरी माणूसच ती. स्वतःची सुटका कुणाला नको असते?

एका संध्याकाळी तिनं विचारलंच. "वैनी, राग येतो का आता?"

शिवगंगा मेथी निवडत होती. तिनं मान हलवली. "नाही. आधी कसं, अंगात नुसती आग व्हायची. काय बोलूलाले ते मलाच कळायचं नाही. आता तसं नाही. आता मी एकेक गोष्ट काढून निवांत बघू शकते. आईचं. नोकरीचं. त्या कढईचं."

"आणि?"

"आणि त्या घरात मला राहायचं नाही." तिनं काड्या बाजूला सारल्या. "राग गेला, वन्सं. कारण कुठं गेलं?"

राग निवारण समितीची सुनावणी पावसाळ्याच्या तोंडावर लागली. समितीचे अध्यक्ष शिरढोणकर म्हणून एक निवृत्त अधिकारी होते. आवाज मऊ, वागणं सभ्य, बाईमाणसाला 'ताई' म्हटल्याशिवाय बोलायचे नाहीत. अशा माणसांशी भांडताही येत नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी खुबी. एका बाजूला मन्मथ इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. पायाचे डाग पांढरे पडले होते.

परिचारिकेनं शिवगंगाचं रक्त घेतलं, नळीत औषधाचा थेंब टाकला. रक्त लालच राहिलं.

"अभिनंदन, ताई," अध्यक्ष म्हणाले. "आता बरं वाटतंय?"

"हो."

"यजमानांबद्दल मनात राग?"

"नाही."

"बघा, किती छान. मग आता अर्जाचं काय करायचं?"

"अर्ज तसाच राहू द्या," शिवगंगा म्हणाली. "मला त्यांच्याबरोबर राहायचं नाही. मी खूप विचार केलाय. मी पुन्हा नोकरी बघेन."

अध्यक्षांनी मान डोलावली. मग चष्मा नाकावर सारून तिच्याकडे मायेनं बघितलं. "ताई, एक सांगू? तुमचा पहिला अर्ज मी वाचलाय. काय ती भाषा! 'या घरात श्वास कोंडतो, एक क्षणही थांबणार नाही.' वाचतानाही अंगावर काटा येतो. आणि आज तुम्ही भाजीचा भाव सांगावा तसं सांगताय. खरोखर इतका त्रास असता, तर माणूस असं शांतपणे बोलू शकेल का? म्हणजे तो सगळा जोर तेलाचा होता. तेल उतरलं, आता तक्रारीत दम राहिला नाही. शांत माणसाला घर मोडायची गरज नसते. अर्ज निकाली काढू. थेंब मात्र जन्मभर चालू ठेवा."

मन्मथच्या डोळ्यांत पाणी आलं. तो दुष्ट नव्हता. त्याला खरंच बायको परत हवी होती. "चल शिवगंगा," तो म्हणाला. "घरी सगळे वाट बघूलालेत."

शिवगंगा हलली नाही. तिनं नणंदेकडे बघितलं. "वन्सं, तुम्ही शब्द दिला होता," ती त्याच शांत आवाजात म्हणाली.

तो आवाज सुकन्यानं स्वतः, थेंबाथेंबानं, तयार केला होता. रागात बोलली तर तेल बोलतंय, म्हणून तिनं या बाईचा राग काढून घेतला. आणि राग नव्हता म्हणून आता या लोकांना त्रासच दिसत नव्हता. त्या उन्हाळ्यात, त्या कक्षात, त्या बाकांवर किती जणींना तिनं हाच शब्द दिला होता! सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला कलंडून कागदांवर पाणी पसरलं.

"मग हिनं बोलायचं कधी?" ती ओरडली. "राग असला की म्हणायचं तेल बोलतंय. राग नसला की म्हणायचं त्रासच नाही. कोणत्या रक्ताच्या बाईचं ऐकणार तुम्ही? सांगा ना! त्या किटलीतलं तेल हिच्या ताटात कुणी वाढलं, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का? मी तरी विचारलं का? दादा, तू त्या तेलाची भाजी एकदा तरी खाल्लीस? मी तरी खाल्ली का? आपण दोघं तिच्या जिवावर जगलो, आणि आता तिला शांत करून परत त्याच चुलीपुढं बसवणार?"

समितीतले दोघे सदस्य एकमेकांच्या कानाशी लागले. शिरढोणकरांनी ओले कागद उचलून बाजूला ठेवले, रुमालानं टेबल पुसलं आणि परिचारिकेला खूण केली. परिचारिका पट्टा घेऊन सुकन्यापाशी आली.

"हे काय?" सुकन्या म्हणाली.

"मनावर घेऊ नका, डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा. तपासणी होईपर्यंत तुमचं आजचं बोलणं आम्ही बाजूला ठेवतो. आणि तेलाबद्दलची तुमची मागची निवेदनंही."

"माझं रक्त लालच येणार आहे. मी जन्मात तळणीचं तेल खाल्लेलं नाही."

"मग भीती कसली? द्या हात."

सुकन्यानं हात मागं घेतला. "आणि लाल आलं तर? तर माझं म्हणणं खरं धराल?"

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि काचा पुसल्या. त्यांना तिची खरोखर काळजी वाटत होती.

"लाल आलं तर मात्र प्रश्न गंभीर आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "तळणीचं तेल पोटात नसताना माणसाला इतका राग येत असेल, तर त्यावर आपल्याकडे अजून औषध नाही. तुमच्याशिवाय ते शोधणार कोण?"